गंगाक्काची छाट

आमच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की आधी सामान उतरतं, मग माणसं उतरतात आणि माणसं पुरती उतरायच्या आत गंगाक्काचा निकाल येतो. कट्ट्यावर बसल्या जागी मान तिरकी करून ती समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि म्हणते, "छाट!"

निपाणीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. बायका बिड्या वळून कारखान्यात आणतात, तिथला चेकर त्या तपासतो. ढिली, वाकडी, फाटक्या पानाची बिडी बाजूला फेकली जाते, ती छाट. गंगाक्कानं सगळा जन्म बिडी कारखान्यात चेकर म्हणून काढला. एखाद्या जुडीबद्दल शंका असली तर ती जुडी बाजूला ठेवायची आणि हातातलं काम उरकल्यावर परत बघायची. रिटायर झाल्यावर तिनं बिड्यांच्या जागी आम्हाला घेतलं. माणसांना मात्र बाजूला ठेवायची सवलत नव्हती.

मी तिच्या समोरच राहतो, एका हायस्कुलात क्लार्क आहे. राहायला आलो त्याच दिवशी माझी तपासणी झाली. "केस काळंकुळकुळीत आणि मिशी पांढरी. कलप अर्ध्यात संपला व्हय रं? छाट!" तेव्हापासून मी मिशीलाही कलप लावतो. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला तिनं पाठमोरं उभं राहायला लावलं होतं. बिचारा हात जोडलेल्या अवस्थेतच वळला. "म्होरनं बरा दिसत हुतास," आक्का म्हणाली. कन्नड बोलणाऱ्याला ती कन्नडमधून छाटते, मराठी बोलणाऱ्याला मराठीतून. सीमाभागात एवढं निःपक्षपाती माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

खुद्द नवराही या तपासणीतून सुटला नाही. सदलग्याचं स्थळ होतं. लग्नाच्या वर्षातच आक्का ट्रंक घेऊन माहेरी परत आली. नवऱ्यानं टाकलं, असं गाव म्हणालं. आक्का म्हणते, "त्यो काय टाकतोय? मीच छाटला त्येला."

कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आक्काची धाकटी बहीण मालू. मालूच्या तोंडावर आणि हातांवर पांढरं कोड आहे. सासरच्यांना ते लग्नानंतर कळलं. बहिणीला इथं आणायचं नाही आणि तूही तिकडं जायचं नाही, असा हुकूम निघाला. आक्कानं हुकूम ऐकून घेतला, ट्रंक भरली आणि पहिल्या एसटीनं निपाणी गाठली.

मालू घराबाहेर पडत नाही. रस्त्याकडच्या खिडकीशी बसून टीव्हीवर पिच्चर बघते. कुठल्या नटीनं कुठल्या पिच्चरला कुठली साडी नेसली होती, हे तिला पाठ. भाजीवाली आली की खिडकीतून बांगड्यांचा हात तेवढा बाहेर येतो. आता आम्ही गल्लीवाले काही वाईट माणसं नाही हो. शिकलेले आहोत. मालूचा विषय आम्ही नेहमी हळू आवाजात काढतो. भाजीवाली तर इतकी सभ्य, की मालूनं दिलेली नोट हातात न घेता टोपलीत टाकायला सांगते.

आणि आमचे भरमूअण्णा. आक्काला भिंत लागून घर, माणूस तोंडानं गोड. त्यांच्या पोरीला बघायला पाव्हणे यायचे असले की सकाळीच आक्काच्या दारात हजर. "आक्का, गैरसमज नगो. पाव्हणं येणार हाईत, तेवढी खिडकी..." आक्का खिडकी लावायची. पाव्हणे परत निघाले की कट्ट्यावरून नवऱ्या मुलाचा निकाल मात्र असा द्यायची, की तो बसस्टँडपर्यंत ऐकू जावा. भरमूअण्णांच्या पोरीचं लग्न जमायला उशीर झाला, त्यात मालूच्या कोडाचा हात किती आणि आक्काच्या तोंडाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अशा आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात शूटिंग आलं. गावानं वाळीत टाकलेल्या एका बाईची गोष्ट होती. डायरेक्टर पुण्याकडचा, दाढीवाला. गल्ली त्याला फार आवडली. आक्का तर इतकी आवडली की तो तिच्यासमोर उकिडवाच बसला.

"मावशी, तुम्ही आमच्या पिक्चरमध्ये काम करा ना."

"मावशी कुणाला म्हंतोस? तुझी आई माझी भन हाय व्हय?" आक्कानं त्याला पायापासून बघायला सुरुवात केली. "दाढी हाय पर विंचरल्याली न्हाय. छाट!"

डायरेक्टर आनंदानं उडालाच. हाच शब्द पाहिजे म्हणाला. हिरॉईन गल्लीत येणार, सगळे तिच्याकडं बघणार, आणि आक्कानं पुढं होऊन एवढंच म्हणायचं. आक्का नाहीच म्हणत होती, पण खिडकीतून मालूचा आवाज आला.

"आक्का, कर की गं! माझ्या खिडकीम्होरं पिच्चर हुतोय. एवढ्या वर्सांत मी काय मागितलंय तुला?"

मालूनं खरंच काही मागितलेलं नव्हतं. आक्का तयार झाली.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभे. मी मिशीला ताजा कलप लावलेला. आक्का ठेवणीतलं इरकल नेसून सर्वांत पुढं. मागं तिच्या घराची खिडकी अर्धी उघडी, त्यात मालूच्या बांगड्या दिसत होत्या. डायरेक्टर ओरडला आणि कोपऱ्यावरून पाण्याची कळशी घेतलेली हिरॉईन आली.

तिच्या गालावर, ओठांपाशी, हातांवर पांढरे डाग रंगवलेले होते. कोड. हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि इथं मला आमच्या गल्लीचा अभिमान वाटावा अशी गोष्ट झाली. कुणालाही काही शिकवावं लागलं नाही. भाजीवालीनं पदर नाकाला लावला. कुणी पोराला मागं ओढलं. मी तोंड वाकडं करून भिंतीकडं सरकलो. भरमूअण्णा दोन पावलं मागं हटून गटारात थुंकले. डायरेक्टर कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाला, "वा! एकदम नॅचरल!"

आता आक्काची पाळी. ती पुढं झाली आणि थांबली. हिरॉईनकडं बघितलं, मग मागं वळून खिडकीकडं बघितलं. बांगड्या हलत नव्हत्या.

"मावशी, म्हणा ना, छाट," डायरेक्टर कुजबुजला.

ज्या बाईनं नवऱ्यापासून उमेदवारापर्यंत कुणाला सोडलं नाही, तिला तेवढा एक शब्द म्हणता येईना. तिनं पदराचं टोक हिरॉईनच्या कळशीत बुडवलं आणि तिचा गाल पुसला. एकदा, मग जरा जोर लावून परत. पांढरा रंग इरकलाच्या पदराला लागला आणि खालून पोरीचा सावळा गाल दिसायला लागला.

"पुसतंय की गं," आक्का म्हणाली. "तुझं पुसतंय."

ती नटी कळशी धरून तशीच उभी राहिली. डायरेक्टर मात्र धावत आला. "मावशी, काय भारी केलंत! हेच परत एकदा, जवळून घेतो!"

"परत न्हाय," आक्का म्हणाली आणि आमच्याकडं वळली. कारखान्यात जुड्यांवरून फिरवायची तसं बोट तिनं रांगेवरून फिरवायला सुरुवात केली. भाजीवाली छाट. पोराला ओढणारी छाट. बोट भरमूअण्णांपाशी आलं.

"आक्का, आम्ही ॲक्टिंग केली न्हवं," अण्णा म्हणाले.

"व्हय? आणि पाव्हणं आल्यावर खिडकी लावाय सांगतोस, ती कसली ॲक्टिंग रं? छाट!"

माझ्यापर्यंत यायच्या आधीच तिनं बोट खाली घेतलं. दमली होती. घरात जाऊन तिनं रस्त्याकडच्या खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. आतलं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू आलं.

"मालू, ऊठ. भाईर बस."

"लोकं बगत्यात गं आक्का."

"बगू देत. आपुन बी बगू."

त्या दिवशी मालू आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डायरेक्टर शूटिंग गुंडाळून गेला. आम्ही गल्लीवाले दोनचार दिवस एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होतो.

मग एका संध्याकाळी शाळेतून येत होतो, तर कट्ट्यावर दोघी. मालूनं पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण तोंड उघडं. इतकी वर्षं समोर राहून तिचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो. डोळे अगदी आक्काचे. भरमूअण्णा माझ्या पुढंच चालले होते, ते मोबाईल कानाला लावून सटकले. मला सटकायला काही सापडलं नाही.

मालूनं मान तिरकी केली. माझ्या चपलेपासून सुरुवात करून ती सावकाश वर आली. पँट, शर्ट, मिशी. रांगेत मी केलेलं तोंड तिनं खिडकीतून बघितलं होतं, हे मला त्या नजरेतच कळलं.

"आक्का," तिनं विचारलं, "आणि ह्यो गं?"

आक्कानं माझ्या मिशीकडं बघितलं.

"बाजूला ठेव त्येला," ती म्हणाली. "परत बगू."