नऊशे बारा हस्तांदोलनं

अख्ख्या लोहारा एमआयडीसीत शाम राठोडएवढा लोकांचा लाडका माणूस दुसरा नाही, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. कारण शामनं स्वतःला सोडून दुसऱ्या कोणाला विचारलंच नव्हतं! पाईपच्या कारखान्यात अकरा वर्षं त्यानं स्टोअर सांभाळलं. सुपरवायझर रिटायर झाला, खुर्ची रिकामी झाली, आणि शामनं मनातल्या मनात तिच्यावर टॉवेलसुद्धा टाकून ठेवला.

पण सेठला शहाणपण सुचलं! अकरा वर्षं डोळ्यांसमोर राबणारी माणसं ज्याला ओळखू येत नाहीत, तो यंत्र भाड्यानं आणतो. पुण्याहून केतकी मॅडम आल्या, सोबत बावीस पट्टे. मनगटावर बांधायचे. कोण कोणाजवळ किती वेळ थांबतो, किती वेळा हात मिळवतो, हे पट्ट्यातला सेन्सर टिपणार, आणि हजारो माणसांच्या हालचाली पाहून तयार झालेला कॉम्प्युटर सांगणार, की कोण किती मिळून-मिसळून राहतो. ते पाहून सेठ सुपरवायझर नेमणार!

"हा तुमचा कॉम्प्युटर शिकला कुठं?" शामनं विचारलं.

"बंगळूरच्या मोठमोठ्या ऑफिसांमध्ये, दादा."

"मंग आपल्याले काय फिकीर!"

पहिल्या शनिवारी नोटीस बोर्डावर कागद लागला. अवधूत, पॅकिंग विभाग: रोजची हस्तांदोलनं दोनशे चौदा. शाम, स्टोअर: तीन.

वणीची अख्खी कोळसा खाण शामच्या पोटात पेटली! अवधूत? चार वर्षांपूर्वी आलेला अवधूत? पाईपच्या जोडांमधला एल्बो कोणता आणि टी कोणता हे ज्याला शामनं हातात देऊन शिकवलं, तो? शामला रात्री जेवण जाईना. आपल्याला तीन मिळाले याचं दुःख परवडलं असतं हो. पण त्याला दोनशे चौदा!

सोमवारी शाम स्टोअर सोडून पाईपच्या थप्पीमागं लपला. अवधूत दिसला. एकटाच! हात मिळवायला चिटपाखरू नाही. भिंतीकडं तोंड करून गडी खर्रा घोटून राह्यला होता. तंबाखू-सुपारी भरलेली प्लास्टिकची पन्नी तळहातावर, आणि वरून दुसऱ्या हाताचा दे दणादण रगडा! दहा मिनिटं घोटला, चिमूट तोंडात टाकली, पुन्हा घोटायला बसला. मनगटावरचा पट्टा नुसता खालीवर, खालीवर.

शामच्या डोक्यात ट्यूब पेटली. बंगळूरच्या त्या महापंडितानं सगळं जग पाहिलं, पण खर्रा घोटणारा माणूस पाहिला नव्हता! हात हलतोय ना? मग लिहा हस्तांदोलन!

सरळ माणूस असता तर मॅडमकडं गेला असता. पण जळणाऱ्या माणसाला खरं-खोटं नको असतं, त्याला फक्त दोनशे पंधरा हवे असतात. भानगड एकच होती. दोन वर्षांपूर्वी शामनं बायकोपुढं, बबितापुढं, आपल्या याडीची, म्हणजे आईची, शपथ घेऊन खर्रा सोडला होता.

"खाणार नाई म्हणलंतं," त्यानं स्वतःला समजावलं. "घोटायले कोणं मना केलं?"

आणि घोटला! मंगळवारी स्वतःपुरता, बुधवारी हमालांचा, गुरुवारी ट्रक ड्रायव्हरांचा. स्टोअरच्या खिडकीपुढं पन्न्या घेऊन रांग लागली. "शामभाऊ, तेवढा बारीक घोटजा!" "शामभाऊ, महा नंबर आधी हाय!" माल काढायला माणूस नाही, बाहेर तीन ट्रक उभे, आणि आत शामभाऊ घामाघूम! संध्याकाळी पट्ट्याला जोडलेल्या मोबाईलवर आकडा झळकला: नऊशे बारा.

घरी तो आकडा नेमका बबितानं पाहिला.

"हे नऊशे बारा काय हाय?"

"हात मिळवले. आज."

"बावीस माणसायच्या कारखान्यात? नऊशे बारा खेपा?" बबिताचं लाटणं हवेत थांबलं. "पॅकिंगमधली ते पुष्पा तं नाई? अवो, मह्या हाताले तुमी जलमात एकडाव हात लावला, तोबी लग्नात भटजीनं धरवला म्हून!"

"तसं नाई वं..."

"मंग कसं?"

खरं सांगावं तर शपथ मोडल्याचा बोभाटा, न सांगावं तर पुष्पा! शाम गप्प बसला. नवरा गप्प बसला की बायकोला उत्तर मिळालेलंच असतं. त्या दिवशी पोळ्या झाल्याच नाहीत.

पण शामला भुकेची पर्वा नव्हती. निकालाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला.

"शामदादांसारखा आकडा आमच्या अभ्यासात आजवर कुठेच आलेला नाही!" केतकी मॅडम म्हणाल्या. टाळ्या! शामनं मान वळवून अवधूतकडं पाहिलं. त्या एका नजरेसाठी त्यानं हाताला फोड आणले होते.

सेठ उठला. "मले एक सांगा, दिवसाले नऊशे बारा हात मिळवणारा माणूस काम कवा करते? अवधूत पाहा! लोकायशी मिळून राहते अन् मालबी टायमावर काढते. सुपरवायझर अवधूत!"

"सेठ, तो हात मिळवत नाई!" शाम ताडकन उठला. "तो तं तिकडं..."

समोरच्या भिंतीवर लाल अक्षरात लिहिलं होतं: आवारात खर्रा आढळल्यास तात्काळ कामावरून बंद. शामच्या बोटांना तंबाखूचा वास अजून येत होता. समोर उभ्या असलेल्या सेठच्या नाकापर्यंत तो जाऊ नये म्हणून त्यानं हात खिशात घातले.

"तिकडं काय?"

"तिकडं लय मेहनत करते," शाम म्हणाला आणि खाली बसला.

"नाराज होऊ नका, शामभाऊ," सेठ म्हणाला. "तुमचा गुण वाया नाई जाऊ देत मी."

बाहेर येऊन शामनं बबिताला फोन लावला.

"भेटली खुर्ची?"

"अवधूतले भेटली."

"अन् तुमाले?"

"सेठच्या पोरीचं लगन हाय दिग्रसले. मंडपाच्या गेटवर उभं राहाचं. येईन त्याच्याशी हात मिळवाचा. दोन हजार पाव्हणे येऊन राह्यले म्हणे."

आता ही सेठची आयमाय काढेल, अवधूतच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, आपल्या जिवाला तेवढाच गारवा, म्हणून शामनं फोन कानाला घट्ट दाबला.

"त्यात बाया किती?" बबितानं विचारलं.