कहाणीतली विहीर

पोहे निवत चालले होते आणि पाहुण्यांचं लक्ष नव्हतं. सुनंदाबाईंचा जीव तुटत होता. लेक भूमिकेला मुलगा पसंत, मुलाला भूमिका पसंत. मुलाचे वडील, चोपड्याचे हेमराजभाऊ, धुळ्याला देवपुरात आले होते ते नुसतं ‘हो’ म्हणायला. पण केळीला ठिबकनं पाणी कसं द्यायचं ते बघायला आपण इस्रायलला गेलो होतो, हे सांगताना ते ज्यू लोकांच्या धर्मग्रंथापाशी पोचले आणि तिथंच अडकले.

“तेहतीसशे वर्षं जुना शे! बठ्ठा, सगळाच्या सगळा, त्यांच्या प्रेषित मोशेनी एकट्यानं लिखेल शे.”

भूमिकेचे वडील लीलाधरराव इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला. सुनंदाबाईंनी घाईनं पोह्यांची बशी पुढे सरकवली.

“एकट्यानं नाही, हेमराजभाऊ. पिढ्यान् पिढ्या भर पडत गेली. बाबिलोनला कैदेत नेलं ना ज्यूंना, त्या सुमारास सगळं एकत्र आलं. अहो, त्यात मोशेच्या मरणाची हकीकत आहे. ती काय त्यानंच लिहिली?”

“त्यानंच! देवानं सांगितली, त्यानं रडत रडत लिहिली. मी तठे जायेल शे, गुरुजी. तुम्ही गेले का?”

“जायला कशाला हवं? वाचायला हवं!”

“म्हणजे आम्ही अडाणी?” हेमराजभाऊ ताडकन उठले. “चाल रे, गाडी काढ.”

मुलानं भूमिकेकडे पाहिलं. भूमिकेनं आईकडे.

सुनंदाबाईंचा सोमवार होता. कहाणी झाल्याशिवाय त्या पाणीही घेत नसत. त्या देवघरातून वाटी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, कहाणी ऐकल्याशिवाय कसे जाल? हात पुढे करा.”

दोघांच्याही मुठीत अक्षता पडल्या. आता कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. हेमराजभाऊ मुकाट्यानं बसले.

कहाणीतली गरीब बाई नेहमीसारखी देवळात निघाली. पण आज तिला वाटेत एक विहीर लागली. काठावर दोन म्हातारे भांडत होते: विहीर कुणी खणली, कधी खणली? “आणि पाणी भरायला आलेली लेक रिकामी घागर घेऊन तशीच उभी. ऊन चढलं. तिच्याकडे कुणी बघेना…”

लीलाधरराव चुळबुळले. इतक्या वर्षांत ही विहीर कधी आली नव्हती. पण मूठ बंद होती. हेमराजभाऊंची मान मात्र खाली गेली.

अक्षता वाहून झाल्या. हेमराजभाऊ कोपऱ्यात उभ्या भूमिकेकडे बघत म्हणाले, “बैस ना, बेटा. अक्का, तो विहिरीचा भाग जुना शे का?”

नुकती कहाणी सांगितलेल्या तोंडानं खोटं कसं बोलायचं? सुनंदाबाई ओशाळल्या. “नाही हो. आत्ताच देवानं सुचवला.”

“पाहा गुरुजी! देवानं सांगितला!”

“पाहा हेमराजभाऊ! मागाहून घातला!”

दोघेही जिंकले होते. जिंकलेल्या माणसांना भूक लागते. पोहे पुन्हा गरम झाले, साखरपुड्याची तारीख ठरली.

पुढच्या सोमवारी सुनंदाबाईंनी देवाची क्षमा मागून कहाणीतून विहीर वगळली. गरीब बाई थेट देवळाशी पोचली, तेव्हा लीलाधररावांनी अक्षतांची मूठ तशीच ठेवून डोळे वटारले.

सुनंदाबाईंनी बाईला मागे फिरवलं आणि विहिरीवरून नेलं.