ऐन थंडीतला मृग

माझे ट्रुगानिनातले शेजारी विद्याधर जोगळेकर ऑस्ट्रेलियाच्या कडाक्याच्या थंडीत ज्वारी पेरत, कारण जूनमध्ये मृग नक्षत्र लागते. आठवड्याचे पाच दिवस ते बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळतात आणि उरलेले दोन दिवस शेतकरी असतात. तासाभरावर त्यांनी पाच एकर दगडधोंडे विकत घेतले आहेत. त्यांना ते ‘आपलं रान’ म्हणतात. तिथे सुखी असे फक्त ससे आहेत.

“शेती रक्तात असावी लागते,” हे त्यांचे पालुपद. वडील पोस्टात, आजोबा संस्कृतचे शिक्षक. रक्तात शेती नेमकी कधी शिरली, हे विचारण्याचे धैर्य माझ्या अंगी नाही.

पहिल्या पेरणीला कुंपणापलीकडचा म्हातारा शेतकरी ग्रेग हळूच म्हणाला, “मेट, इट्स विंटर.” हे जोगळेकरांना ठाऊक नव्हते असे नाही, त्यांच्या घरचा हीटर एप्रिलपासूनच चालू होता. पण नक्षत्रे आकाशात असतात आणि आकाश सर्वांचे एकच, असा त्यांचा सिद्धांत. बियाणे मातीतच कुजले. उरलेले काकाकुव्यांनी उकरून खाल्ले. पुढल्या वर्षीही तेच. पीक बुडाले, असे मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाही. “जमीन आपल्याला ओळखून घेतेय,” ते म्हणत.

या साऱ्या उपद्व्यापाचे कारण त्यांची एकुलती मुलगी सई. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. लहानपणी आत्याच्या गावी ती हुरड्यावर तुटून पडे. आई गेल्यानंतर तिचे घरी येणे थांबले. “हुरडा रेडी झाला की येते, बाबा,” असे ती एकदा फोनवर म्हणाली. ते बहुधा फोन आटोपण्यासाठी असावे. जोगळेकरांनी त्या वाक्यावर पाच एकर घेतले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी गुपचूप ग्रेगचे ऐकले आणि नोव्हेंबरात पेरणी केली. फेब्रुवारीत कणसे दाण्यांनी भरली. सईने तिकीट काढले. त्या शनिवारी रानावर मलाही बोलावणे होते. कौतुकाला कोणीतरी हवेच. उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करायला बंदी, म्हणून हा भूमिपुत्र गॅसच्या बार्बेक्यूवर कणसे भाजत होता. लसणाची चटणी इंडियन स्टोअरमधली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हात राखेने नव्हे, तेलाने माखलेले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला. सईबरोबरचा डॉक्टर आजारी पडला होता, तिची रजा रद्द झाली होती. “आय ॲम सो सॉरी, बाबा. तुमचा हुरडा…” तिचा आवाज रडवेला झाला.

जोगळेकरांनी हातातल्या गरम कणसाकडे पाहिले.

“कसला हुरडा? ऐन वेळी काकाकुव्यांनी फडशा पाडला, याही वर्षी पीक बुडालं गं,” ते म्हणाले. “आली असतीस तर उगाच हेलपाटा झाला असता.”

फोन ठेवून त्यांनी कणीस चोळले, दाणे फुंकले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“गोड आहे ना?”

होता.