तात्यांच्या कोड्यातली म्हैस

शब्दकोडं हा गुपचूप सोडवायचा प्रकार आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या शेजारचे तात्या ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सोडवतात. सकाळी पेपर आला की आपल्याच खिडकीखालच्या कट्ट्यावर मांडी ठोकायची, कानावरचं बॉलपेन काढायचं आणि बोंब मारायची, "ओ सायेब! पाण्यात राहणारा प्राणी. तीन घरं हायत!"

मी साहेब वगैरे कधीच नव्हतो, बँकेत कारकून होतो. पण रोजचं कोडं पुरं केल्याशिवाय मी दाढीला बसत नाही हे तात्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी मला गुरू केलं. असला शिष्य वैऱ्यालाही मिळू नये.

"कासव," असं मी म्हणेपर्यंत तात्यांनी 'म्हस' लिहिलेलं असतं. एक घर उरतं. त्यात ते 'की' लिहितात.

"म्हस की! झालं."

"अहो, म्हैस पाण्यात राहते का?"

"न्हाय? दुपारी नदीवर जावा आन् एक तरी भाईर काढून दावा."

तात्यांचा सारा जन्म दूध कट्ट्यावर गेला. रस्त्याकडेला म्हशी बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा, हा धंदा. त्यामुळे कोड्यात देवाचं वाहन विचारलं की रेडा, शुभ्र पदार्थ विचारला की खरवस. शब्द मावला नाही तर समासात स्वतःच एक चौकोन आखायचा आणि वर म्हणायचं, "पेपरवाल्यानं मापात पाप केलंय." दूधवाल्याच्या तोंडून हे ऐकताना मला फार मजा वाटायची.

त्या घरात खरं कोडं सोडवायच्या त्या तात्यांच्या बायको, आमच्या काकी. प्राथमिक शाळेत बाई होत्या. चहाला उकळी येईपर्यंत त्यांचं कोडं पुरं. तात्या तेव्हा टर उडवायचे, "त्या घरांत काय म्हशी बांधणार हायस व्हय?" गेल्या वर्षी काकींना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता त्या खिडकीशी पलंगावर पडून असतात. शब्द परत येतीलही, न येतीलही, बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. तात्यांनी म्हशी विकल्या आणि कोडं हातात घेतलं. मला वाटलं, बिचाऱ्यांचा वेळ जात नसेल.

एकदा ते ओरडले, "मराठी वर्साचा पहिला महिना. दोन घरं. श्रावण!"

माझं डोकंच फिरलं. दर साल जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणारा हा माणूस! "चैत्र!" मी खेकसलो.

तात्या ताडकन उठून माझ्या दारात आले. "सांगू नगा की वो," ते हळू आवाजात म्हणाले. तात्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे तुम्हाला येत होतं?"

"आता समदं येतंय. पर बरोबर सांगितलं की ती गप पडती. चुकलं की हुंकारती, व्हट हलवती. जल्मभर पोरांच्या चुका काढल्या तिनं. तिला चूक सोसत न्हाय, सायेब."

मी त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. काकी डाव्या हातानं पलंगाची कड बडवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मीही चुकायला लागलो. माझ्यासारख्या कोडेबहाद्दराला ते फार जड गेलं.

मग परवा तात्यांनी विचारलं, "सूर्य उगवतो ती दिशा. दोन घरं."

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"गगनबावडा!"

गगनबावडा हे गाव आमच्या मावळतीला. "अगदी बरोबर! लिहा तात्या," मी घसा ताणून ओरडलो.

खिडकीत पलंगाची कड वाजली. हुंकार आला, मग आणखी एक. आणि मग तुटक, जड, पण स्वच्छ शब्द आला.

"गा... ढव."

तात्यांच्या हातातलं पेन पडलं. ते धडपडत आत गेले. "परत म्हन," असं आतून कितीदा तरी ऐकू आलं.

तासाभरानं तात्या पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत दारोदार हिंडत होते. त्या दिवशी माझं कोडं अर्धंच राहिलं आणि दाढीही.

"कशाचं पेढं वो, तात्या?" समोरच्या वहिनींनी विचारलं. "नातू झाला काय?"

"न्हाय वो!" तात्या गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बायको मला गाढव म्हनली!"