व. १५०, खा. १००

हिमांशूनं थर्ड इयरला कॉलेज सोडलं, त्याच शुक्रवारी आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. घरात आनंद फक्त पाण्याचा झाला.

"तुझ्यामुळं माझं बीपी वाढलं," असं व्यंकटरावांनी जाहीर केलं आणि दूधवाल्यापासून बिडकीनच्या साडूपर्यंत सगळ्यांना कळवलंही. (रिटायर झाले, तरी सर्क्युलर काढायची खोड गेली नव्हती.)

आता आकड्यांनीच बापाचं तोंड बंद करायचं, असं हिमांशूनं ठरवलं. कॉलेजनं एकच गोष्ट नीट शिकवली होती : सहसंबंध काढायचा आणि ठिपक्यांमधून सरळ रेषा ओढायची. आकडे आयतेच होते. आई, सरोजिनीबाई, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज लिहायची. शनिवार : व. १५०, खा. १००. रविवार : व. १३५, खा. ९२. म्हणजे वरचं आणि खालचं! बुधवारी वरचं नव्वदवर आलं होतं.

"सहसंबंध जवळजवळ उणे एक!" तो गरजला. "मी कॉलेज सोडल्यापासून तुमचं बीपी रोज पंधरानं उतरतंय. मी औषध आहे, औषध!"

"दादा, रेषा जरा पुढं ओढ की," धाकटी सावनी म्हणाली.

ओढली. पुढच्या मंगळवारी बाबा शून्यावर.

बाप कितीही खडूस असला तरी एकच होता. हिमांशूनं व्यंकटरावांना बनियनवरच रिक्षात कोंबलं. मायलेकी मागोमाग चढल्या.

"मला काय धाड भरलीय, गाढवा?"

"बोलू नका बाबा. नव्वदवर माणूस बोलत नाही!"

डॉक्टर लाइबांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला. "एकशे नव्वद."

"अशक्य!" हिमांशूनं कॅलेंडर पुढं केलं. खिळ्यासकट उपटून आणलं होतं.

सरोजिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, व. म्हणजे वरची टाकी, खा. म्हणजे खालचा हौद! पाणी आल्यापासून काठी घालून सेंटिमीटर मोजतेय मी." मग एकदम थबकून म्हणाल्या, "मंगळवारी शून्य म्हणालास ना? टँकरवाल्याला सांगून ठेवते."

"बेटा, तू जरा बाहेर थांब," डॉक्टर म्हणाल्या.

दहा मिनिटांनी सावनीनं दारातून डोकं काढलं. "दादा, एकशे चाळीस."

हिमांशू हार मानणारा नव्हता. त्यानं कॅलेंडर उलटं करून पाठीमागं दोन ठिपके मांडले : आपण आत, आपण बाहेर.

रेषा एकदम सरळ आली.