अर्धा पेला इवाईचा

पोट कापायचं की राहू द्यायचं, हे आज ठरणार होतं, आणि ज्याचं पोट सारखं दुखत होतं तो आरमोरीचा लटारू चांद्याच्या दवाखान्यात बाकावर हातपाय गाळून बसला होता. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "उपाशी या. नुसत्या एक्स-रेच्या फोटोत हाडं दिसतात, पोट दिसत नाही. बेरियम नावाचं पांढरं औषध पाजलं की पोट उमटतं. बिघाड दिसला तर कापू, नाही दिसला तर खुशाल घरी जा."

कापण्याची भीती होतीच, पण दुसरी भीती बाकावर शेजारीच बसली होती. ते त्याचे व्याही, तिकडच्या बोलीत इवाई, सोमाजी. लटारूची लाडकी लेक भागीरथा त्यांच्या घरी दिलेली. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही ही रीत, आणि लटारू रीतीचा पक्का. त्यातून सोमाजी मानापानाचे भारी. लग्नात पानसुपारी यायला जरा उशीर झाला म्हणून मांडवातून उठून गेले होते. आज लटारू उपाशी म्हणून तेही हट्टाने उपाशी राहिले होते.

कंपाउंडरने काठोकाठ भरलेला पेला आणून दिला. आत चुना कालवल्यासारखं काहीतरी दाट पांढरं होतं. "सगळं प्या बरं. पुडी एकच होती, दुसरी नागपूरहून येईल तेव्हा येईल," असं म्हणून तो यंत्र सुरू करायला आत गेला.

लटारूने पेला ओठांपाशी नेला आणि सोमाजींवर नजर गेली तसा हात जागीच थांबला.

"घ्या, इवाई."

"नाई नाई, तुमचं औषध हाये ते."

"तुमी उपाशी, अन् मी पिऊ? घोटभर तं घ्या!"

"आता एवढं म्हनता तं नाई कसं म्हनू?"

घोटभर घेणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. सोमाजींनी डोळे मिटून निम्मा पेला घशाखाली घातला, मिशा पुसल्या आणि उरलेला मोठ्या मनाने परत केला. लटारूने तो संपवला आणि देवाचं नाव घेत अंधाऱ्या खोलीत शिरला.

डॉक्टरांनी त्याला यंत्रापुढे उभं केलं. कधी पोट दाबलं, कधी वाकायला लावलं.

"खालचं पोट दिसतंय, वरचं भरलेलंच नाही," ते शेवटी म्हणाले. "औषध सगळं प्यालात ना?"

"पेला रिकामा झाला जी."

"मग आत मोठी गाठ असणार. औषधाला जागाच नाही. उद्या सकाळी कापावं लागेल."

खरं बोलावं, तर डॉक्टर सोमाजींना चारचौघांत झापणार, आणि त्याचा राग निघणार भागीरथेवर. पानसुपारीवरून मांडव सोडणारा माणूस तिला काय सुखाने नांदवणार? लटारूने पोटावरून हात फिरवला आणि पोरीसाठी ओठ घट्ट मिटून घेतले.

एवढ्यात दाराचा पडदा फाडकन बाजूला झाला.

"कापू नका जी, सायेब!" सोमाजी दारातूनच ओरडले. "अर्धं औषध माह्या पोटात हाये!"

डॉक्टर आधी थक्क झाले, मग भडकले. "लटारू, तुम्ही बाजूला व्हा. अर्ध्या औषधात जेवढं दिसायचं तेवढं दिसलं, तुमच्या पोटात गाठबीठ काही नाही. आणि तुम्ही या इकडे. औषध वाया तरी का घालवायचं?"

सोमाजी मुकाट्याने यंत्रापुढे उभे राहिले. डॉक्टरांनी पाहिलं, दाबलं, परत पाहिलं.

"अहो, जखम तर तुमच्या पोटात आहे! कधीपासून दुखतंय?"

मानापानाचे भारी सोमाजी खाली बघू लागले. "लय दिवस झाले जी. सून घरात आली तवापासून. मिरची लय टाकते. काई म्हटलं तं तिले राग येईन, अन् तिच्या बापालेबी. म्हून गप खाऊन राह्यलो."

ज्या माणसापुढे लटारू लग्नापासून चळाचळा कापत होता, तो माणूस त्याच्याच पोरीला भिऊन पोट जाळून घेत होता!

सोमाजी जवळ आले आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "इवाई, तुमीच सांगा न भागीरथाले, मिरची कमी टाक म्हना. बापाचं ऐकन ते."

"आता मी कसं सांगू, इवाई?" लटारू त्याहून हळू म्हणाला. "ते रांधाले शिकली तिच्या मायच्या हाताखाली. तिच्या मायले बोलाची हिंमत असती, तं मी इथी कायले आलो असतो?"