तीन सॉफ्टवेअर आणि अठरा तोळे

सुरेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती शुक्रवारी. गुंतवणूक सल्लागारानं दहा वर्षांत आपल्या म्युच्युअल फंडांतून किती कमिशन खाल्लं, ते त्याला त्या दिवशी कळलं. महाळुंग्याच्या कंपनीत तो क्वालिटीचा साहेब. मालात केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी ट्रॉली परत पाठवणारा. अशा माणसाला कुणी दहा वर्षं गंडवतं म्हणजे काय!

हाताखालच्या क्षितिजनं कॅन्टीनमध्ये सुचवलं, "सर, ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या. फुकट असतं, कोड सगळ्यांसमोर उघडा. शेअर, ठेवी, सोनं, कशात किती पैसा हवा ते ठरवून द्यायचं. प्रमाण बिघडलं की तेच सांगतं, काय विका आणि काय घ्या."

"तीन उतरवतो!" सुरेंद्र गरजला. "रविवारी दुपारपर्यंत एकाला पास करतो!"

रविवारी सकाळी चिखलीच्या फ्लॅटमध्ये तो लॅपटॉपसमोर असा बसला, जसा फौजदार आरोपीसमोर बसतो. तिसरं सॉफ्टवेअर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर नुसत्या तांबड्या ओळी ओकत राहिलं. रिजेक्ट! उरलेल्या दोघांत त्यानं सगळी माहिती भरली. पहिलं म्हणालं, सोनं घ्या. दुसरं म्हणालं, सोनं विका.

सुरेंद्रनं भडकून क्षितिजला फोन लावला. "अरे, हे काय लावलंय? घरातलं सोनं विका म्हणतंय! जवळजवळ सगळं! आजच्या आज!"

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोची, मृदुलाची, पोळी तव्यावरच करपली. घरातल्या अठरा तोळ्यांपैकी बारा तिच्या आईनं दिलेले. तिनं गॅस बंद केला, बेडरूमचं दार लावून घेतलं आणि तळेगावला भावाला फोन केला.

तासाभरात दौलतराव हजर! हेल्मेटही न काढता त्यांनी विचारलं, "दाजी, नोकरी गेली न्हवं? लपवू नका. किती कर्ज हाय?"

"कर्ज? कसलं कर्ज!"

"मग बहिणीच्या सोन्यावर डोळा कशापायी?"

"मी नाही, सॉफ्टवेअर म्हणतंय!"

"त्याला म्हणावं, माझ्याशी बोल!"

मृदुला दागिन्यांचा डबा पोटाशी धरून बाहेर आली. "पंचवीस वर्षांत मला एका शब्दानं विचारलं नाहीत. आणि आज त्या मशीनला विचारता? माझ्या आईचं सोनं विकायला?"

"अगं, विकतोय कोण!" सुरेंद्रनं टेबलावर मूठ आपटली. चहा कीबोर्डवर सांडता सांडता राहिला. तेवढ्यात क्षितिजचा फोन आला. सुरेंद्रनं तो रागारागानं स्पीकरवर टाकला.

"सर, दुसऱ्यात सोन्याचा भाव एका ग्रॅमचा टाकलात की दहा ग्रॅमचा?"

सुरेंद्रनं पडद्याकडे पाहिलं. पेपरात छापतात तोच, दहा ग्रॅमचा.

"आणि पहिल्यात वजन?"

"...तोळ्यात."

"सर, तिथं ग्रॅम लागतात."

सुरेंद्रचे कान लाल झाले होते. त्यानं मुकाट्यानं दोन्हीकडे आकडे दुरुस्त केले. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"काय म्हणतंय?" दौलतरावांनी मान पुढे काढली.

"काहीही करू नका म्हणतंय."

"एवढं सांगायला मी देहूरोडचं ट्रॅफिक तुडवत आलो?"

पण मृदुलाचा राग उतरला नव्हता. तिनं डबा भावाच्या हातात दिला. "दादा, हा तुझ्याकडेच ठेव." मग नवऱ्याकडे वळली. "सोनं आता घरात नाही. तिथं शून्य टाका."

"अगं, पण..."

"टाका!"

सुरेंद्रनं दात-ओठ खात दोन्हीकडे शून्य टाकलं. क्षणभर चक्र फिरलं आणि पडद्यावर दोघांचा एकच हुकूम उमटला. सोनं विकत घ्या. एकशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे अठरा तोळे.

मृदुलानं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बरं सॉफ्टवेअर आहे हो," ती म्हणाली. "उठा, कपडे करा. दुकान दीडला बंद होतं."